एरोल बॅरो यांना बार्बाडोसमध्ये इतका मान का आहे?

३० नोव्हेंबर १९६६ ला बार्बाडोस ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला आणि बॅरो पहिले पंतप्रधान झाले, हे कारण तर आहेच. पण माझ्या मते त्यांचं खरं मोठं काम त्याआधीचं. १९६१ मध्ये, ब्रिटिश राज असतानाच, स्थानिक सरकारचे प्रमुख म्हणून सत्तेवर आल्यावर त्यांनी सरकारी माध्यमिक शाळांची फी माफ केली. उसाच्या मळ्यात राबणाऱ्यांच्या पोरांना शाळेचं दार उघडलं. शाळेत दुपारी गरम जेवणही मिळू लागलं. उपाशी पोटी कुणाचं डोकं चालतं? तरुणपणी, दुसऱ्या महायुद्धात, ते ब्रिटिश हवाई दलात नेव्हिगेटर होते. १९७६ ची निवडणूक हरले, १९८६ ला घसघशीत बहुमताने परतले आणि जेमतेम वर्षभराने पदावर असतानाच वारले. तिथल्या ५० डॉलरच्या नोटेवर त्यांचा चेहरा आहे.