राज्य कोणावर आलंय?

नोव्हेंबर संपत आला, नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा आगमनकाळ तोंडावर आला की समुपदेशक म्हणून एकच प्रश्न माझ्याकडे निरनिराळ्या तोंडांनी येतो. "आगमनकाळ सुरू झाला, पण आत काही हलतच नाही. प्रार्थनेला बसलं की डोळ्यांसमोर करंज्यांचं सारण येतं. माझा विश्वास आटला का हो?" विचारणारे बहुतेक पुण्यातल्या आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतले, म्हणजे चर्चमधले. पूर्वी मी या प्रश्नाला लांबलचक उत्तर द्यायचे. एका सहा वर्षांच्या मुलाने ते बदलायला लावलं. त्याच्या आईच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून, ती हकिगत सांगते.

ताई आगमनाच्या दुसऱ्या रविवारनंतर आल्या. चाळिशीच्या आसपासचं वय, बँकेत नोकरी. मार्चमध्ये वडील गेले होते. घरची नाताळची चांदणी दरवर्षी तेच करायचे: बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, घरी शिजवलेली खळ. यंदा ती ताईंनी करायची, असं घरच्यांनी त्यांना न विचारताच ठरवून टाकलं होतं. फराळ त्यांच्याकडे होताच. "सगळं करते मॅडम, पण कोरडी झालेय. देवाला किती शोधू?"

मी आधी झोप, भूक, कामावरचं लक्ष यांची चौकशी केली. जगणं नकोसं वाटतं का, हेही सरळ विचारलं. असं विचारल्याने ते डोक्यात भरतं ही समजूत खोटी आहे. दोन आठवडे किंवा जास्त दिवस बहुतेक वेळ मन खचलेलं असेल, कशातच रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. त्याला विश्वासाची कमतरता म्हणायचं नाही. ताईंचं तसं नव्हतं. त्या जेवत होत्या, झोपत होत्या, मुलाचा अभ्यास घेत होत्या. वडिलांसाठी रडायला तेवढी त्यांना सवड मिळाली नव्हती.

आमच्या व्यवसायात खरी गोष्ट बहुतेक वेळा चपला घालताना सांगितली जाते. ताईंनीही एक चप्पल पायात सरकवली आणि म्हणाल्या, "परवा मी एक वाईट काम केलं."

रात्री साडेनऊला नाताळची गाणी गात घरोघर फिरणारे कॅरोलवाले आले होते. जिन्यातून गिटार आणि ढोलकी ऐकू आली तशी ताईंनी घरातले सगळे दिवे मालवले आणि मुलाला ओढून स्वयंपाकघरात नेलं. ओटा आणि तांदळाचा डबा यांच्या मधल्या जागेत दोघं फरशीवर बसली. बेल तीनदा वाजली. "ताई, आहात का घरात?" बाहेरून हाक आली. वडील असते तर एव्हाना दार उघडून ताटली पुढे केली असती, हे त्यांना त्याच क्षणी आठवलं. अंधारात मुलगा कानाशी कुजबुजला, "आई, आपण लपलोय ना? मग राज्य कोणावर आहे?"

"त्यांच्यावर."

कॅरोलवाले दोन मिनिटं थांबून वरच्या मजल्यावर गेले. आता मुलगा खूश होईल असं ताईंना वाटलं, तर तो रडायला लागला. "त्यांनी नीट शोधलंच नाही!"

डोनाल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकाने नेमकं हेच म्हटलं होतं: लपण्यात आनंद आहे, पण कोणालाच न सापडणं ही आपत्ती. लहान मूल पडद्यामागे लपतं तेव्हा पाय बाहेरच ठेवतं, आणि शोधणारा रेंगाळला तर आतून खोकतंसुद्धा.

त्याच रात्री झोपताना माय-लेकांनी येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हटली. "तुझे राज्य येवो" म्हटल्यावर पोरगं थबकलं. "म्हणजे देवावर राज्य येवो? आपण लपायचं आणि तो शोधणार?" ताई खो-खो हसल्या, कित्येक महिन्यांनी, आणि मग पहाटेपर्यंत रडत राहिल्या. त्यांची भीती वेगळीच होती. "मॅडम, ही देवाची थट्टा झाली का?"

मी त्यांना पुन्हा बसवलं. मी काही पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू नव्हे. मला जे वाटलं ते बोलले. गल्लीतल्या खेळात राज्य कोणालाच नको असतं. ज्याच्यावर राज्य येतं त्याने भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून दहा-वीस-तीस म्हणायचं, मग एकट्याने जिने पालथे घालायचे, वर पाठीत धप्पा खायचा. गोठ्यात जन्मणाऱ्या राजाचं राज्य मला तरी सिंहासनापेक्षा याच्याच जवळचं वाटतं. बायबलमध्ये देवाने माणसाला विचारलेला पहिला प्रश्न कोणता? "तू कोठे आहेस?" झाडांमागे लपलेल्या आदाम आणि हव्वेला त्याने मारलेली हाक आहे ती. पुढे जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी येशू स्वतःविषयी सांगतो तेही हेच, की तो हरवलेल्यांना शोधायला आला आहे. आणि आपण मात्र आगमनाचे चारही रविवार राज्य स्वतःवर घेऊन फिरतो: देव शोधा, भाव शोधा, डोळ्यांत पाणी शोधा, सापडलं नाही तर आपणच नापास. आगमन कोणाचं, हे त्या शब्दातच आहे की.

ताई म्हणाल्या, "मग मी करायचं काय? नुसतं लपून राहायचं?"

"पाय बाहेर ठेवा," मी म्हटलं.

प्रार्थना वाढवायची नाही, असं आम्ही ठरवलं. रोज संध्याकाळी दहा मिनिटं मुलाशी लपाछपी, मोबाइल दुसऱ्या खोलीत. आणि आपण कुठे लपलोय ते एका माणसाला सांगायचं. त्यांनी भावाला फोन करून सांगितलं की चांदणी माझ्याच्याने होणार नाही. भाऊ कुरकुरला. तो स्वतःही करणार नव्हताच.

मुलगा रोज "नाताळ आला का?" विचारून भंडावतो, हीसुद्धा ताईंची तक्रार होती. त्यावर मी त्यांना जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या योहान विखर्नची गोष्ट सांगितली. त्याच्या आश्रमातली गरीब मुलंही रोज हेच विचारायची, म्हणून १८३९ मध्ये त्याने गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या: रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, मधल्या दिवसांच्या लहान लाल. रोज एक जास्त पेटवायची. आज चर्चमध्ये दिसणारं मेणबत्त्यांचं हिरवं आगमनचक्र त्यातूनच आलं. ताईंच्या घरी चाक कुठलं, मुलाने भिंतीवर खडूने रेघा मारल्या. दहा, वीस, तीस असेच आकडे घातल्याने त्याचा हिशेब नाताळच्या कितीतरी आधी शंभरावर गेला.

एका संध्याकाळी ताई आजोबांच्या कपाटात लपल्या. डांबरगोळ्यांच्या वासात, वडिलांच्या मफलरीला नाक लावून त्या बसल्या होत्या. मुलाला त्या लवकर सापडेनात, तशा त्या खोकल्या. मला हे फोनवर सांगताना त्यांचा आवाज भरून आला. तरी चौथ्या रविवारच्या उपासनेत मन कोरडंच होतं, हेही त्यांनी सांगितलं. मला ते प्रामाणिक वाटलं.

नाताळच्या दोन रात्री आधी त्यांच्या स्वतःच्या मंडळीची कॅरोल पार्टी आली. ताईंनी दिवा मालवला नाही. या वेळी मुलगाच पलंगाखाली घुसला आणि पाय बाहेर ठेवून पडून राहिला. मंडळीतले एक साठीचे काका गुडघ्यांवर बसले, भिंतीकडे तोंड करून मोठ्याने "दहा, वीस" म्हणू लागले आणि शंभर होईपर्यंत गाणं थांबलं. मग ताटली फिरली. करंज्या विकतच्या होत्या.