संगणक-शंका : कुलवृत्तांतातील छायाचित्रे

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत वर्डमध्ये टंकित करीत आहे. मजकुरात एखादी ओळ वाढवली की छायाचित्रे भलत्याच पानावर जातात. एका छायाचित्राची तर फक्त अरुंद पट्टीच दिसते. शिवाय फाइल इतकी फुगली आहे की ती ई-मेलने मुद्रकाकडे जात नाही. काय करावे?

उत्तर : वर्डमध्ये 'इन्सर्ट'मधून घातलेले छायाचित्र बहुधा ओळीतच बसते, वर्डच्या लेखी ते एक अवाढव्य अक्षर असते. ते हवे तेथे ओढता येत नाही, म्हणून बहुतेक जण कंटाळून 'इन फ्रंट ऑफ टेक्स्ट' हा पर्याय निवडतात आणि तेथेच गोंधळाला सुरुवात होते. असे तरंगते छायाचित्र पानाला नव्हे, तर कोणत्या तरी परिच्छेदाला बांधलेले असते. छायाचित्र निवडले की समासात जहाजाच्या नांगराचे लहानसे चिन्ह दिसते. ज्या परिच्छेदाजवळ ते चिन्ह असेल, तो परिच्छेद पुढच्या पानावर गेला की छायाचित्रही त्याच्यामागोमाग जाते.

कुलवृत्तांतासारख्या, शेवटच्या दिवसापर्यंत नावे वाढत राहणाऱ्या पुस्तकात छायाचित्रे तरंगती ठेवूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. छायाचित्रावर क्लिक केल्यावर त्याच्या कोपऱ्याशी उमटणाऱ्या खुणेतून 'इन लाइन विथ टेक्स्ट' निवडावे, त्याला स्वतंत्र परिच्छेद देऊन तो मध्यभागी घ्यावा आणि परिच्छेदाच्या मांडणीत 'कीप विथ नेक्स्ट'वर खूण करावी, म्हणजे छायाचित्र एका पानावर आणि त्याखालची ओळ दुसऱ्या पानावर असे होणार नाही. दोन छायाचित्रे शेजारी हवी असल्यास दोन रकान्यांचा तक्ता करून त्याच्या रेघा काढून टाकाव्यात. स्पेस-बार दाबत अंतर राखण्यापेक्षा हे कितीतरी टिकाऊ. छायाचित्राखालचा क्रमांक हाताने टंकित न करता 'इन्सर्ट कॅप्शन'ने द्यावा. मध्येच एखादे छायाचित्र वाढले, तर संपूर्ण मजकूर निवडून एफ९ कळ दाबली की क्रमांक जुळतात. एखाद्या पूर्वजाच्या परिचयाशेजारी त्यांचा लहान चेहरा हवा असेल, तेवढ्यापुरता 'स्क्वेअर' हा पर्याय वापरावा. मात्र नांगर त्याच परिचयाच्या परिच्छेदापाशी असल्याची खात्री करून घ्यावी.

पट्टीचे कोडे सोपे आहे आणि मराठी टंकलेखनात ते हमखास भेटते. मंगलसारख्या फॉन्टमध्ये दोन ओळींतील अंतर फार सुटते, म्हणून आपण ते 'एक्झॅक्टली' ठेवून, उदाहरणार्थ १८ पॉइंट, असे बांधून टाकतो. मग ओळीतले छायाचित्र हेही अक्षरच असल्यामुळे त्याच्या वाट्याला तेवढीच उंची येते आणि बाकीचा भाग दिसेनासा होतो. केवळ त्या परिच्छेदाचे ओळ-अंतर 'सिंगल' करावे; छायाचित्र पूर्ण दिसेल.

आता फाइलच्या वजनाविषयी. कोपरा ओढून छायाचित्र पानावर लहान केले, तरी त्याने वजन कमी होत नाही. मोबाइलवर काढलेले ४००० पिक्सेल (छायाचित्र ज्यांचे बनते ते बारीक ठिपके) रुंदीचे छायाचित्र आपण ४ इंचांत बसवले, तर इंचाला १००० पिक्सेल झाले. छपाईला ३०० पुरतात, म्हणजे १२०० पिक्सेल रुंदी पुरेशी होती. दोषी छायाचित्रे नेमकी कोणती, हे पाहण्यासाठी फाइलची एक प्रत काढून तिच्या नावाअखेरची '.docx' ही अक्षरे बदलून '.zip' करावीत आणि ती उघडावी. आत 'वर्ड' नावाच्या फोल्डरमधील 'मीडिया' फोल्डरमध्ये सगळी छायाचित्रे आपापल्या वजनासह मांडलेली आढळतात. जड छायाचित्रे बाहेरच लहान करून पुन्हा घालावीत. 'कॉम्प्रेस पिक्चर्स'नेही काम भागते, परंतु त्यातील छपाईसाठीचा नेहमीचा पर्याय इंचाला २२० पिक्सेलचा असतो. मुद्रकाला ३०० हवे असतील, तर तो वापरू नये.

येथेच एक सावधगिरी सांगतो. वर्डमध्ये कातरलेला भाग फाइलमधून जात नाही, तो केवळ झाकला जातो आणि फाइल उघडणारा कोणीही तो परत उलगडू शकतो. जुन्या सातबाऱ्यावरील इतरांची नावे किंवा एखाद्या पत्रावरील पत्ता आपण कातरून लपवला असेल, तर 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मधील 'डिलीट क्रॉप्ड एरियाज'वर खूण करावी, किंवा छायाचित्र बाहेरच कातरून मग आत आणावे. यांपैकी मी हा दुसरा मार्ग पसंत करतो.

प्रश्न : नातेवाईक व्हॉट्सॲपवर जुनी छायाचित्रे पाठवतात. पडद्यावर ती चांगली दिसतात, छापल्यावर मात्र धूसर येतात. असे का?

उत्तर : पाठवताना व्हॉट्सॲप छायाचित्र आक्रसून टाकते. पडद्याला ते पुरते, कागदाला पुरत नाही. नातेवाइकांना तेच छायाचित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगावे, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी येते. आल्बममधील छायाचित्राचा मोबाइलने फोटो काढण्याऐवजी ते स्कॅन करून घेता आले, तर अधिक बरे. २ इंच रुंद व ३ इंच उंच छायाचित्र ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केले की १२०० गुणिले १८०० पिक्सेल मिळतात आणि ते दुप्पट मोठे करून, म्हणजे ४ गुणिले ६ इंचांत छापले, तरी इंचाला ३०० पिक्सेल उरतात.