वाचकांचे प्रश्न : काउंटी आपद्ग्रस्त ठरली, मग मदत कोणाला?

प्रश्न : अमेरिकेत दुष्काळाने किंवा पुराने शेतीचे मोठे नुकसान झाले की सरकार संपूर्ण काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) आपद्ग्रस्त घोषित करते, असे वाचनात आले. अशी घोषणा झाल्यावर तेथील प्रत्येक शेतकऱ्याला रोख मदत मिळते का?

उत्तर : मिळत नाही, आणि हा गैरसमज बराच पसरलेला आहे. काउंटीत निदान एका पिकाचे उत्पादन ३० टक्के किंवा त्याहून अधिक घटले, तर अमेरिकेचे कृषिमंत्री ती काउंटी आपद्ग्रस्त घोषित करू शकतात. तिला लागून असलेल्या काउंटींनाही त्याच घोषणेचा लाभ होतो. परंतु या घोषणेने प्रामुख्याने खुला होतो तो आपत्कालीन कर्जाचा मार्ग. त्यासाठी आठ महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो आणि कर्जाची कमाल मर्यादा ५ लाख डॉलर आहे. ज्याचे पीक गेले त्याच्या डोक्यावर हे आणखी एक कर्जच असते, ही गोष्ट बातमीच्या मथळ्यात येत नाही.

परतफेड न करावी लागणारी मदत वेगवेगळ्या योजनांतून येते आणि प्रत्येक योजनेची कसोटी निराळी असते. दुष्काळात कुरणे वाळल्यास पशुपालकांना चाऱ्यासाठी मिळणारी मदत दर आठवड्याला प्रसिद्ध होणाऱ्या ‘ड्रॉट मॉनिटर’ या दुष्काळ नकाशावर अवलंबून असते. चराईच्या हंगामात काउंटीचा कोणताही भाग या नकाशावर ‘डी-३’, म्हणजे अतितीव्र दुष्काळाच्या श्रेणीत आला, तर तेथील पात्र पशुपालकाला तीन मासिक हप्त्यांइतकी रक्कम मिळू शकते. पिकांच्या बाबतीत मात्र प्रश्न नोंदींचा असतो. पेरणीनंतर ठरलेल्या मुदतीत कृषिखात्याच्या ‘फार्म सर्व्हिस एजन्सी’ या यंत्रणेच्या काउंटी कार्यालयात किती एकरांत काय पेरले हे नोंदवलेले असावे लागते, आणि पीकविम्याची कागदपत्रे असतील तर काम पुष्कळ सोपे होते.

संसदेने डिसेंबर २०२४ मध्ये शेतीसाठी सुमारे ३१ अब्ज डॉलर मंजूर केले, तेव्हा हे स्पष्ट दिसले. त्यांपैकी सुमारे १० अब्ज डॉलर घसरलेल्या बाजारभावांमुळे आलेल्या तोट्यासाठी होते आणि ते एकरी दराने वाटायचे होते : मक्यासाठी ४२.९१ डॉलर, सोयाबीनसाठी २९.७६ डॉलर. उरलेली मोठी रक्कम २०२३ आणि २०२४ मधील नैसर्गिक आपत्तींसाठी होती. तिच्यातील पीकनुकसानीच्या मुख्य योजनेचे अर्ज जुलै २०२५ मध्ये सुरू झाले आणि पहिल्या टप्प्यात हाती घेतले गेले ते विम्याची भरपाई आधीच मिळालेले शेतकरी, कारण त्यांची आकडेवारी सरकारकडे तयार होती. हिशेबाने निघालेल्या रकमेचे सुरुवातीला ३५ टक्केच देण्याचे ठरले. ज्याचे पीक २०२३ च्या वसंतात बुडाले, त्याला दोन वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागली. एवढ्या उशिरा येणाऱ्या रकमेला आपत्कालीन म्हणणे मला तरी जड जाते.

माझ्या मते या व्यवस्थेत सर्वाधिक उपेक्षित राहतो तो थोड्या एकरांत अनेक प्रकारचा भाजीपाला घेणारा शेतकरी. त्याच्या पिकासाठी त्या काउंटीत विमा उपलब्ध नसेल, तर विमाबाह्य पिकांसाठीची वेगळी योजना आहे. पण तिच्यात हंगामापूर्वीच नाव नोंदवावे लागते. तिच्या मूळ स्तरावर ५० टक्क्यांपुढच्या नुकसानीचीच भरपाई मिळते, तीही सरासरी बाजारभावाच्या ५५ टक्के दराने. नवशिक्या आणि अल्पसाधन शेतकऱ्यांना तिचे शुल्क माफ असते. एवढी माहिती जरी वेळेवर पोचली, तरी पुष्कळांचे नुकसान हलके होईल.

प्रश्न : अर्ज नाकारला गेला, तर दाद कोठे मागायची?

उत्तर : आधी काउंटी समितीकडे. तिचे सदस्य स्थानिक शेतकऱ्यांनी मतदानाने निवडलेले शेतकरीच असतात. तेथे समाधान न झाल्यास राज्य समितीकडे किंवा कृषिखात्याच्या स्वतंत्र राष्ट्रीय अपील विभागाकडे जाता येते. निर्णय मिळाल्यापासून साधारणपणे ३० दिवसांची मुदत असते, म्हणून नकाराचे पत्र हाती पडताच त्यावरील तारीख प्रथम पाहावी.