आमच्या इमारतीत मुस्लीम कुटुंब राहायला आलंय. त्यांना नाताळला घरी बोलावलं तर चालेल का? मुसलमान ख्रिस्ती सण मानतात का?

जरूर बोलवा. मी सोलापूरची, मुसलमान घरातली, आणि आमच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब राहतं, म्हणून लिहितेय.

नाताळ आम्ही सण म्हणून करत नाही. पण ज्यांच्या जन्माचा हा सण, ते आमचेही पैगंबर आहेत, हे पुष्कळांना माहीतच नसतं. येशूंना आम्ही हजरत ईसा म्हणतो, आणि त्यांचं नाव घेतलं की ‘अलैहिस्सलाम’, म्हणजे ‘त्यांच्यावर शांती असो’, म्हणतो. कुराणातली १९ वी सूरत, म्हणजे अध्याय, त्यांच्या आईच्या, मरियमच्या नावाची आहे, आणि अख्ख्या कुराणात नावानिशी आलेली बाई ती एकटीच. तिथल्या जन्मकथेत गोठा नाही. कळा सुरू होतात, मरियम खजुराच्या खोडाला टेकते, ‘याआधीच मेले असते तर बरं झालं असतं’ म्हणते. तेव्हा तिला सांगितलं जातं, दुःख करू नकोस, तुझ्या पायाशी झरा आहे, खोड हलव, ताजा खजूर पडेल. पुढे लोक तिला बोल लावतात, तर पाळण्यातलं बाळच बोलायला लागतं. आमच्या दादी बाळंतिणीच्या उशाशी बसून ही गोष्ट सांगायच्या आणि तिला खजूर खायला लावायच्या.

ईसा अल्लाहचे पुत्र आहेत हे मात्र आम्ही मानत नाही, तिथे तडजोड नाही. गुड फ्रायडे आणि ईस्टरचंही तसंच. कुराण म्हणतं, त्यांना सुळावर मारलं गेलं नाही, अल्लाहने आपल्याकडे उचलून घेतलं. त्यामुळे नाताळ आम्हाला जितका जवळचा वाटतो तितके हे दिवस वाटत नाहीत.

शुभेच्छा द्याव्यात की नाही यावर आमच्यातच दोन मतं आहेत. १४ व्या शतकातले धर्मपंडित इब्न कय्यिम यांनी त्याला हराम म्हटलं, आणि आजही बरेच उलेमा, म्हणजे धर्मपंडित, तेच सांगतात: शुभेच्छा म्हणजे त्या श्रद्धेला दुजोरा. उलट इजिप्तचं दार-उल-इफ्ता, म्हणजे फतवे देणारी तिथली संस्था, म्हणते, चालतं. अल-अजहर या तिथल्या नावाजलेल्या इस्लामी विद्यापीठाचे मुख्य इमाम अहमद अल-तय्यिब तिथल्या कॉप्टिक ख्रिश्चनांच्या पोपना नाताळच्या शुभेच्छा देतात. लेबनॉनमध्ये तर २५ मार्च, मरियमला देवदूताने बाळाची वार्ता दिली तो दिवस, २०१० पासून दोन्ही धर्मांची मिळून सरकारी सुट्टी आहे. मला हेच मत पटतं. जे तुमच्याशी धर्मावरून लढले नाहीत त्यांच्याशी भलेपणाने वागायला अल्लाह मना करत नाही, असं ६० व्या सूरतीत स्पष्ट आहे.

आमच्या घरातही एकमत नाही. शेजारच्या मावशींकडून करंज्या, चकल्या, शंकरपाळ्यांचं ताट येतं, वर केकचे तुकडे. ‘रम घातलेली नाही गं’ हे त्या दारातूनच सांगतात. मी ‘हॅपी ख्रिसमस, मावशी’ म्हणते. भाईजान म्हणत नाहीत, ते ‘मावशी, मुलं आली का सणाला?’ असं विचारतात, आणि करंज्या माझ्याआधी संपवतात. मावशींना त्यात कधी काही खटकलेलं नाही. ईदला आमच्याकडून शीरखुर्म्याचं पातेलं तिकडे जातंच.

तेव्हा तुम्ही एवढंच करा. केकमध्ये दारू नको, मटण-चिकन हलाल दुकानातून आणा, आणि हे त्यांना आधीच सांगून टाका, म्हणजे विचारायचा संकोच राहणार नाही. चर्चमधल्या प्रार्थनेला ते नाही म्हणाले तर मनाला लावून घेऊ नका. फराळाला बहुतेक येतील.