वाचकांचे प्रश्न : शोधयंत्राचा बदललेला चेहरा आणि त्यावरचा गलका

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो असून अमळनेर तालुक्यात राहतो. कापसाचे भाव, हवामान आणि नातवाच्या अभ्यासातली एखादी शंका मी रोज सकाळी मोबाईलवर गूगलसारख्या शोधयंत्रात शोधतो. पंधरा दिवसांपूर्वी त्या पानाची ठेवण जराशी बदलली. शोधाच्या चौकटीचे कोपरे गोल झाले, अक्षरे मोठी झाली आणि चित्रे व बातम्यांची बटणे नेहमीच्या जागेवरून सरकली. एवढ्याशा गोष्टीवर लोकांनी इंटरनेटवर केलेला गलका वाचून मी चकित झालो. कोणी म्हणतो डोळे दुखतात, कोणी म्हणतो दुसऱ्या कंपनीची नक्कल केली, तर कोणी जुने पान परत द्या म्हणून हट्ट धरून बसला आहे. फुकट मिळणाऱ्या सोयीबद्दल एवढा राग योग्य आहे का? की माणसाला बदलच नको असतो?
(एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : गुरुजी, नमस्कार. आपल्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचे उत्तर आधी देते, कारण ते सोपे आहे. आमच्या घरी मिसळणाचा डबा शेगडीच्या उजव्या हाताला असतो. तेल तापले की आई वाटीकडे न पाहता मोहरी उचलते. एकदा मी डबा घासून पुसून वाट्या वेगळ्या क्रमाने लावल्या आणि त्या दिवशी वरणाच्या फोडणीत मोहरीच्या जागी मेथी पडली. आईच्या नजरेत काही दोष नव्हता, हात आपल्या ओळखीच्या जागी गेला एवढेच. शोधाचे पान आपण दिवसातून दहा-वीस वेळा उघडतो, म्हणजे तेही मिसळणाच्या डब्यासारखे हातवळणी पडलेले असते. बटण बोटभर सरकले तरी काम अडखळते, आणि अडखळलेला माणूस चिडतो. हा राग खरा असतो, पण तो आठ-पंधरा दिवसांत विरतो. कोपरे गोल झाले, अक्षरांचे वळण बदलले, बोधचिन्ह बदलले, अशा तक्रारी मी या खात्यात टाकते. 2015 च्या सप्टेंबरमध्ये गूगलने आपल्या नावाची जुनी, टोकांना पाय असलेली अक्षरे काढून साधी, सपाट अक्षरे आणली, तेव्हाही पुष्कळ नाराजी व्यक्त झाली होती. आज ती जुनी अक्षरे डोळ्यांसमोर आणायची म्हटले तरी आपल्याला क्षणभर थांबावे लागेल.

पहिल्या प्रश्नाबाबत मात्र माझे मत आपल्याहून वेगळे आहे. सोय फुकट आहे असे आपण म्हणता, पण आपण पैशाऐवजी आपली नजर मोजत असतो. त्या पानावर आपली नजर कुठे थांबते आणि बोट कुठे टेकते यावरच कंपनीचे उत्पन्न उभे आहे. एक उदाहरण देते. 2009 मध्ये असे उघडकीस आले की गूगलने दुव्यांच्या (लिंकच्या) निळ्या रंगाच्या 41 छटा लोकांवर आजमावून पाहिल्या होत्या. त्या वेळी अनेकांना तो निव्वळ चोखंदळपणा वाटला. पुढे 2014 मध्ये कंपनीच्याच ब्रिटनमधील प्रमुखांनी सांगितले की जाहिरातींच्या दुव्यांना योग्य निळा रंग दिल्याने वर्षाला सुमारे 20 कोटी डॉलर जास्त मिळाले. डोळ्यांना धड ओळखूही न येणाऱ्या फरकाची किंमत एवढी असेल, तर 'किरकोळ बदल' हा शब्द आपण जपूनच वापरायला हवा.

लोकांच्या ओरडण्याने काही होत नाही, हा समजही खरा नाही. 10 जून 2010 रोजी गूगलने आपल्या पांढऱ्याशुभ्र मुखपृष्ठामागे मोठमोठी रंगीत चित्रे लावली. हा प्रयोग 24 तास चालायचा होता. ते पान 1998 पासून मोकळे आणि पांढरे होते, आणि ते उघडताना लोकांना हाच मोकळेपणा हवा असायचा. चित्र काढून कसे टाकायचे हे लोक त्याच शोधयंत्राला विचारू लागले आणि हा प्रश्न त्या दिवशी सर्वाधिक शोधल्या जाणाऱ्या गोष्टींत जाऊन बसला. साधारण 14 तासांत चित्रे उतरवण्यात आली.

जानेवारी 2020 चा प्रसंग मला याहून महत्त्वाचा वाटतो. गूगलवर संगणकावरच्या शोधाच्या निकालांत प्रत्येक दुव्याच्या डोक्यावर त्या त्या संकेतस्थळाचे इवले चिन्ह दिसू लागले आणि जाहिरातीवर त्याच जागी, तेवढ्याच आकारात, काळ्या अक्षरांत जाहिरातदर्शक शब्द आला. वरवर पाहता सजावट वाढली होती. प्रत्यक्षात जाहिरात कुठली आणि खरा निकाल कुठला, हे एका नजरेत कळेनासे झाले. लोकांनी नेमके तेवढेच सांगितले आणि पडद्यांची छायाचित्रे शेजारी-शेजारी ठेवून दाखवले. सुमारे दहा दिवसांत कंपनीने ती चिन्हे मागे घेतली आणि वेगवेगळ्या मांडण्या तपासून पाहू असे जाहीर केले. त्यानंतरच्या दिवसांत माझ्या जळगावच्या संगणक वर्गात दोन मुली शेजारी बसून एकच शब्द शोधत होत्या. एकीच्या पडद्यावर चिन्हे होती, दुसरीच्या पडद्यावर नव्हती, आणि दोघींनाही आपापल्या संगणकात व्हायरस शिरल्याची शंका आली. अशा कंपन्या नवी मांडणी आधी थोड्या लोकांना दाखवून त्यांचे वागणे मोजतात. म्हणून गुरुजी, आपल्या मोबाईलवर दिसणारे पान शेजाऱ्याच्या मोबाईलवर तसेच दिसेल असे धरून चालू नये. निम्म्या वादांत दोन माणसे दोन वेगळ्या पानांबद्दल भांडत असतात.

प्रश्न : ताई, माझे रावेर तालुक्यात ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे केंद्र आहे. केळीच्या पीकविम्यासाठी सातबारा हवा म्हणून एका काकांनी घरीच मोबाईलवर शोधले आणि सगळ्यात वरचा दुवा उघडला. ते सरकारी संकेतस्थळ नव्हते, एका खाजगी दलालाचे होते. त्याने 300 रुपये घेतले आणि सातबारा काही आला नाही. काका म्हणतात, "वर होता म्हणजे सरकारीच असणार." पूर्वी जाहिरात लगेच ओळखू यायची असे मला आठवते. हा माझा भ्रम आहे का?
(एक केंद्रचालक)

उत्तर : भाऊ, हा भ्रम नाही. मोठ्या शोधयंत्राचे गेल्या काही वर्षांचे बदल ओळीने मांडले तर आपल्या आठवणीला पुरावा मिळतो. 2013 पर्यंत गूगलवरच्या जाहिरातींमागे फिक्या रंगाचा पट्टा असायचा, म्हणजे शेताच्या बांधासारखी हद्द दिसायची. मग तो पट्टा गेला आणि छोटी पिवळी पाटी आली. 2016 मध्ये पाटी हिरवी झाली. त्याच रंगात शेजारी संकेतस्थळाचा पत्ता असायचा, त्यामुळे ती त्यात मिसळून गेली. पुढच्या वर्षी हिरव्या रंगाची फक्त रेघ उरली, 2020 मध्ये नुसता काळा शब्द राहिला आणि 2022 मध्ये त्याची जागा 'स्पॉन्सर्ड' (म्हणजे प्रायोजित) या शब्दाने घेतली. 2016 च्या फेब्रुवारीत संगणकावरच्या उजव्या बाजूच्या जाहिराती काढल्या, तेव्हा पान स्वच्छ झाले म्हणून कौतुकही झाले. त्याच वेळी निकालांच्या वर चारपर्यंत जाहिराती येण्याची मुभा झाली. यातला प्रत्येक बदल सुटा पाहिला तर किरकोळच आहे. बांध मात्र वर्षाला वीतभर कोरला जात होता. ज्यांच्या शेताचा बांध शेजाऱ्याने असा कोरला आहे, त्यांना मला काय म्हणायचे आहे ते लगेच कळेल.

काकांना दोष देऊ नका. पडद्यावर वाचणाऱ्या माणसाची नजर वरच्या ओळींवर सर्वात जास्त रेंगाळते आणि खाली जाईल तसतशी विरळ होते, हे नजरेची हालचाल टिपणाऱ्या अभ्यासांत 2006 पासून दिसून आले आहे. त्यात मोबाईलचा पडदा हातभर लांब धरलेला, ऊन डोक्यावर आणि अक्षर बारीक. अशा वेळी जाहिरातीची खूण सांगणारा शब्द जागेवर असूनही नसल्यासारखाच. म्हणूनच अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2002 मध्ये आणि पुन्हा 2013 मध्ये शोधयंत्रांना पत्रे लिहून, जाहिरात आणि निकाल यांतला फरक ग्राहकाला ठळक दिसला पाहिजे असे बजावले होते. आपल्याकडेही 30 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात 13 प्रकार सांगितले असून, माहिती किंवा बातमीचे रूप घेऊन येणारी जाहिरात हा त्यांपैकी एक आहे.

आता कामाचे. राज्य आणि केंद्र सरकारच्या बहुतेक संकेतस्थळांच्या पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' (gov.in) असा असतो. तो शेवट दिसल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत, हे केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला सांगा, जमल्यास मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याला 15 रुपये लागतात, हेही त्याच कागदावर येऊ द्या. 300 चा आकडा पाहिल्याबरोबर माणूस थबकेल. काकांचे पैसे गेले असतील तर 1930 या सायबर मदत क्रमांकावर कळवायला उशीर करू नका, कारण पहिल्या काही तासांत रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक असते. फसव्या जाहिरातीची तक्रार 1915 या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर करता येते.

प्रश्न : नवीन मांडणी बंद करून जुनी परत आणता येते का?
(एक विद्यार्थिनी, शहादा)

उत्तर : बहुतेक वेळा नाही. तशी युक्ती सांगणारे आणि त्यासाठी काहीतरी डाऊनलोड करायला लावणारे दुवे उघडू नका. काळी पार्श्वभूमी आणि अक्षरांचा आकार एवढे तुझ्या हातात असते.

प्रश्न : आम्ही मित्रमंडळी अशा बदलांवर इंटरनेटवर मते लिहितो. धुळ्यात बसून मराठीत लिहिलेले कोणी वाचते का, की आम्ही वेळ घालवतो आहोत?
(एक तरुण वाचक)

उत्तर : दादा, 'बकवास' एवढाच शब्द लिहिलात तर तो मोजला जाईल, वाचला जाणार नाही. शोधाच्या पानाच्या तळाशी अभिप्राय पाठवण्याची सोय असते. तिथे पडद्याचे छायाचित्र जोडून, काय शोधले, काय दिसले आणि त्यामुळे कुठे चूक झाली हे लिहा. मराठीतच लिहा, कारण मराठीत शोधणाऱ्या माणसाची अडचण इंग्रजीत मांडली की तिच्यातले निम्मे गळून जाते. मोठ्या अक्षरांमुळे मराठीची वेलांटी किंवा रफार कापला जात असेल, लांब मराठी शीर्षक अर्ध्यावर तुटून अर्थ बदलत असेल, तर ते इंग्रजीत तपासणाऱ्याला कधीच दिसणार नाही; ते तुम्हालाच सांगावे लागेल. नमुन्यादाखल मी रावेरच्या भाऊंच्या पत्रावरून असे लिहीन : "'सातबारा उतारा' असे शोधल्यावर वरचा पहिला आणि तिसरा दुवा मला सारखेच दिसले. पहिला जाहिरात होता. त्यावरची खूण एवढ्या बारीक अक्षरात आहे की उन्हात मोबाईल धरला तर वाचता येत नाही. आमच्या गावातल्या एका शेतकऱ्याचे यात 300 रुपये गेले. सोबत छायाचित्र जोडले आहे."