सुट्टीत तीन कोर्स, की आजऱ्याचा पाऊस?

प्रिय मावशी,
आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. मुलगा दहावी संपवून ऑगस्टमध्ये अकरावीत जाईल. त्याच्या वर्गातली सगळी मुलं सुट्टीत काही ना काही शिकतायत, म्हणून मीही तीन गोष्टी ठरवल्यात. कम्युनिटी कॉलेजात (म्हणजे इथल्या स्थानिक सरकारी कॉलेजात) केमिस्ट्री, ऑनलाइन प्रीकॅल्क्युलस (म्हणजे अकरावीत थेट कॅल्क्युलस), आणि एका नावाजलेल्या विद्यापीठाचा दोन आठवड्यांचा समर प्रोग्राम. त्याची फी सहा हजार डॉलर आहे. यंदा एक एपी (शाळेतच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा विषय) होतं, पुढच्या वर्षी तीन आहेत. अल्जिब्रा टूला मात्र दुसऱ्या सत्रात बी ग्रेड आला. बर्कली किंवा यूसीएलए यांपैकी एक विद्यापीठ मिळावं एवढीच माझी इच्छा. पण तो म्हणतो, घ्यायचाच तर हवामानशास्त्राचा एक कोर्स घेईन, आणि मला कोल्हापूरकडे आजऱ्याला आजोबांकडे जायचंय. मागच्या वेळी तिथे तीन आठवडे नुसता पाऊस मोजत बसला होता. नवरा म्हणतो, जाऊ दे त्याला. मला रात्र रात्र झोप लागत नाही. मी चुकतेय का?
– एक आई

अगं, तुझी झोप का उडालीय ते मला कळतं. यूसीएलएला दरवर्षी 1,40,000 च्या वर मुलं पहिल्या वर्षासाठी अर्ज करतात आणि शंभरातल्या नऊच्या आसपास मुलांना प्रवेश मिळतो. त्यात यूसी (म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली आणि यूसीएलए त्यातलीच) आता सॅट या प्रवेशपरीक्षेचे मार्क बघतच नाही. मग शाळेतल्या ग्रेड आणि कोर्स यांच्यावरच सगळा भार येतो आणि प्रत्येक आईला वाटतं, अजून एक कोर्स टाकला तर पारडं जड होईल.

तो हिशोब आपण मांडून बघू. यूसीचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, धरतात ती नववीनंतरच्या सुट्टीपासून अकरावीनंतरच्या सुट्टीपर्यंत घेतलेल्या ठराविक विषयांवर. म्हणजे ही सुट्टी त्यात मोजली जाते, हे तुझं बरोबर आहे. कॉलेजचा कोर्स यूसीला चालणारा असेल तर त्याला एपीसारखा जादा गुणही मिळतो. पण हे जादा गुण जास्तीत जास्त आठ सत्रांचेच धरतात. यंदाच्या एका एपीची दोन सत्रं, पुढच्या वर्षीच्या तीन एपींची सहा. झाली की आठ! कोटा भरला. त्यापुढचे कोर्स अर्ज वाचणाऱ्यांना दिसतात, नाही असं नाही. पण तुझ्या मुलाने आपल्या शाळेत जे उपलब्ध होतं त्यातलं काय घेतलं आणि त्यात काय केलं, हे ते आधी पाहतात. चार एपी घेणाऱ्या मुलाच्या अर्जात सुट्टीतल्या केमिस्ट्रीने फार फरक पडेल असं मला वाटत नाही.

आता कम्युनिटी कॉलेजातल्या या सहा आठवड्यांच्या केमिस्ट्रीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण हे मी भोगलंय. माझ्या मुलीला मी दहावीनंतरच्या सुट्टीत असंच एका कॉलेजात केमिस्ट्रीला घातलं होतं. सोळा-सतरा आठवड्यांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत कोंबलेला. सकाळी लेक्चर, दुपारी लॅब, रात्री रिपोर्ट. चौथ्या आठवड्यात ती जेवणाच्या टेबलावर वहीवर डोकं ठेवून झोपून गेलेली मला अजून दिसते. ताटातली आमटी गार झालेली आणि वहीत अर्धं सोडवलेलं गणित. तेव्हाच नाव काढून घ्यायला हवं होतं. पण खूण न राहता नाव काढायची तारीख पहिल्याच आठवड्यात उलटून गेली होती आणि प्रगतिपत्रकावर 'डब्ल्यू' (कोर्स मध्येच सोडल्याची खूण) नको म्हणून मी हट्टाने तिला पुढे ढकललं. तिला सी आला. कॉलेजातला ग्रेड कॉलेजच्या नोंदीत कायमचा राहतो. सात वर्षांनी ती मेडिकलचे अर्ज भरायला बसली तेव्हा शाळेत असताना घेतलेला तो कोर्सही तिला त्यात लिहावा लागला. ती मला एका शब्दाने बोलली नाही. मलाच तिच्या तोंडाकडे बघवेना.

प्रीकॅल्क्युलसचं तर मी स्पष्टच नको म्हणेन. अल्जिब्रा टूच्या दुसऱ्या सत्रात, जिथे सहसा लॉगॅरिदम आणि ट्रिगनॉमेट्री येते, तिथेच त्याचा पाय अडखळलाय. त्याच पायावर सहा आठवड्यांत पुढचा मजला चढवून अकरावीत कॅल्क्युलसला बसवायचं? अकरावीचे ग्रेड तर सगळ्यात ताजे, अर्जात सगळ्यात आधी नजरेत येणारे. त्याला शाळेत वर्षभर नीट प्रीकॅल्क्युलस करू दे. बारावीत कॅल्क्युलस घेतलं तरी काही बिघडत नाही.

आणि त्या सहा हजार डॉलरच्या प्रोग्रामचं. कॅम्पस सुंदर असतो, शिकवणारे बरे असतात, मुलं मजा करून येतात. पण तिथे गेल्याने प्रवेशात झुकतं माप मिळत नाही, हे यातली बरीच विद्यापीठं आपल्या माहितीपत्रकात स्वतःच लिहून ठेवतात. ज्या मोजक्या समर प्रोग्रामना अर्ज वाचणाऱ्यांच्या लेखी खरोखर वजन आहे, त्यांची निवडच कठीण असते आणि ते बहुधा फी घेत नाहीत. एमआयटीत होणारा आरएसआय (रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट) तसाच आहे. जिथे पैसे भरले की जागा मिळते, तिथे निवड झाली असं कोण मानणार? ते पैसे राहू देत, पुढे चार वर्षांची फी आहेच.

सुट्टीतल्या अभ्यासाच्या मी विरोधात नाही, हं. एखाद्या मुलाला डी किंवा एफ आलाय, तर सुट्टीत तो विषय पुन्हा करून सुधारलाच पाहिजे. यूसी नवा ग्रेड धरतं. (सी मात्र असा बदलता येत नाही.) कुणाचा यूसीला लागणारा कलेचा वर्षभराचा विषय राहिलाय, कुणाच्या शाळेत फिजिक्सच शिकवत नाहीत, त्यांनी सुट्टी जरूर वापरावी. शाळेतल्या मुलांना कॅलिफोर्नियाच्या बहुतेक कम्युनिटी कॉलेजांत शिकवणीची फीही पडत नाही.

पण तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, 'नुसता पाऊस मोजत बसला होता'. मी तिथेच थांबले. पंधरा वर्षांचं पोर तीन आठवडे रोज सकाळी उठून पर्जन्यमापकातलं पाणी मापात ओततं, आकडा आजोबांच्या वहीत लिहितं आणि घरी परतल्यावर हवामानशास्त्राचा कोर्स मागतं! तू सांगितलेल्या तिन्ही गोष्टींत त्याचं बोट कुठेच नाही, आणि त्याने मागितलेल्या दोन्ही गोष्टी एकाच धाग्याच्या आहेत. नववी-दहावीत फार थोड्या मुलांना असा धागा सापडतो. यूसीच्या अर्जात आठातले चार प्रश्न निवडून प्रत्येकी जास्तीत जास्त 350 शब्द लिहायचे असतात, तिथे मुलांची खरी पंचाईत होते, कारण वेळापत्रक भरलेलं असतं आणि सांगायला काही नसतं. पण एक विनवणी करते. 'निबंधाला उपयोगी पडेल' म्हणून त्याला आजऱ्याला पाठवू नकोस. त्याला ते लगेच कळेल, आणि आजोबांची वही त्याच्यासाठी चौथा कोर्स होऊन बसेल.

तर असं कर. हवामानशास्त्राचा कोर्स त्याला घेऊ दे, पण या सुट्टीत नाही. आजऱ्यात पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही आणि ऐन ऑनलाइन परीक्षेत ती गेली तर पोराच्या जिवाला घोर. ऑगस्टअखेरीस सुरू होणाऱ्या सत्रात घे म्हणावं, आणि तो झेपावा म्हणून तीनातलं एक एपी सोडू दे. कोणतं, ते त्यालाच ठरवू दे. हो, मग माझ्या आठच्या हिशोबातली दोन सत्रं कमी होतात, पण कॉलेजचा कोर्स त्यातली जागा भरून काढायला मदत करतो. नाव घालण्याआधी तो यूसीला चालतो का, हे असिस्टच्या (कॉलेजचे कोणते कोर्स यूसीला चालतात ते दाखवणाऱ्या) संकेतस्थळावर दोघांनी मिळून बघा. गणिताचं जे कच्चं राहिलंय त्याला रोज अर्धा तास पुरे, तोही आजऱ्यात सोप्यावर बसून होईल.

नवऱ्याशी यावरून भांडू नकोस, या बाबतीत त्याचं बरोबर आहे. आज रात्री आजोबांना फोन लाव आणि यंदा रोप लावण कधी धरलीय ते विचार. तिकिटाची तारीख त्यावरून ठरव.

– तुझी मावशी