नागपुरात खेकडा आला कुठून?

ताई, फोटो पाहिला. पहिल्या जोराच्या पावसानंतर तुमच्या अंगणात आलेली ती खेकडी आहे. पोटाखालची दुमडलेली पट्टी रुंद असते ती मादी, नराची अरुंद आणि टोकदार. शेजारचे काका म्हणतात तसं बाजारातून कोणाच्या पिशवीतून सुटली असेल, हे काही पटत नाही. ती इथलीच आहे, मागच्या नाल्याकाठची.

समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, मग खेकडा कसा, हा तुमचा खरा प्रश्न. समुद्री खेकडी लाखोंनी बारीक अंडी घालते. त्यातून निघालेल्या अळ्या खेकड्यासारख्या दिसतही नाहीत, प्रवाहात वाहत वाहत वाढतात. ओढ्यात तसं केलं तर सगळी पिढी एका पुरात गेली! गोड्या पाण्याच्या खेकड्यांनी म्हणून ही अवस्थाच अंड्यात उरकून टाकली. अंडी थोडी, पण मोठी. आई ती पोटाखाली बाळगते आणि अंड्यातून थेट चिमुकला खेकडाच बाहेर येतो. फोटो मोठा करून बघा, पट्टीच्या कडेला ते राखाडी ठिपके दिसतात ना? पिल्लंच आहेत ती. समुद्राशी त्यांचं काही काम उरलेलं नाही.

ही सोय महागात पडली. पिल्लं वाहून जात नाहीत म्हणजे लांब पसरतही नाहीत. एका डोंगराचा खेकडा पलीकडच्या डोंगराच्या खेकड्याशी पिढ्यान्‌पिढ्या भेटत नाही, आणि जाती वेगळ्या होत जातात. जगात १,३०० हून अधिक जाती नोंदल्या आहेत, भारतात शंभरावर. सह्याद्रीतली 'घाटियाना' ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, तर २०१४ मध्ये वेगळी केली गेली. समुद्र सोडण्याचा हा उद्योगही एकदाच झालेला नाही. दक्षिण अमेरिकेतलं एक कुळ बाकीच्यांपासून स्वतंत्रपणे नदीत शिरलं.

तुमची खेकडी बहुधा 'बॅरिटेलफ्युसा क्युनिक्युलॅरिस', दख्खनभर आढळणारी. हे नाव १८३६ चं, आणि त्यात लॅटिनमधला 'ससा' दडलाय, कारण ही सशासारखी बिळं खणते. भंडाऱ्याकडे आमच्या भाताच्या बांध्यांच्या धुऱ्यांना, म्हणजे बांधांना, तिनंच भोकं पाडलेली असायची. उन्हाळाभर ओलाव्यापर्यंत खोल बिळात बसायचं आणि मृग लागला की बाहेर. कल्ले ओले राहिले की हवेतही चालतं. कल्ल्यांवरच्या पोकळीचं रक्तवाहिन्यांनी भरलेलं अस्तर फुप्फुसासारखं काम करतं. लहानपणी हे मला ठाऊक नव्हतं. एक खेकडी तुडुंब भरलेल्या बादलीत ठेवली, सकाळी मेलेली.

तेव्हा बादलीत दोन बोटं पाणीच ठेवा, तेही नळाचं नको, पावसाचं. वर चढायला एक दगड टाका. खायचा विचार असेल तर पिल्लंवाली सोडून द्या. दुसरी मिळालीच तर पुरती शिजवा. अर्धवट शिजलेल्या खेकड्यातून फुप्फुसात जाणारा एक चपटा कृमी असतो, खोकला लागतो आणि क्षयरोग समजून भलतेच उपचार होतात.

आणि सोडायला फुटाळा तलावावर नेऊ नका. अंधार पडला की मागच्या नाल्यावरच, चिखलाचा गोळा तोंडाशी असलेलं बीळ दिसेल त्याच्या जवळ ठेवा.